पाच लिटरचा कारभार

कुकडीचं आवर्तन सुटलं की कर्जत तालुक्यातल्या शेतकऱ्याची झोप उडते. पाणी कालव्याला आणि थ्री फेज लाईट रात्रीला, अशीच बहुतेकदा जोडी जमते. मग बॅटरी घेऊन उसाच्या सरीत दारं धरायला उतरावं लागतं. घोणसही त्याच वेळी उंदरामागे बाहेर पडलेली असते. पाय पडतो, दंश होतो, आणि अर्ध्या तासात मोटरसायकलवर मधे बसवून माणसाला दवाखान्यात आणलं जातं.

नातेवाईकांचं एकच पालुपद असतं, ‘साहेब, इंजेक्शन द्या ना लवकर.’ लक्षणं उघड दिसत असतील तर डॉक्टर थांबत नाहीत. पण नुसती खूण दिसते आहे, पेशंट बोलतो-चालतो आहे, साप कुणी नीट पाहिलेला नाही, अशा वेळी ते एक साधं काम करतात. शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढून काचेच्या कोरड्या नळीत घालतात, नळी स्टँडला उभी करतात आणि घड्याळ बघतात. वीस मिनिटं तिला कुणी हात लावायचा नाही. मग एकदाच कलती करायची. रक्त गोठून बुडाला चिकटून राहिलं तर तूर्त ठीक. त्या माणसावर लक्ष ठेवायचं आणि तपासणी पुन्हा करायची. पाण्यासारखं ओघळलं, तर विषाने काम सुरू केलं आहे. या तपासणीला मशीन लागत नाही, वीज लागत नाही. नळी मात्र काचेचीच हवी. काचेच्या पृष्ठभागाला टेकल्यावर रक्तातला एक घटक जागा होतो आणि गोठण्याची सुरुवात करून देतो. प्लास्टिकच्या नळीत ते नीट घडत नाही. साबणाने धुतलेली काचही दगा देते.

‘विषाने रक्त पातळ होतं’ असं आपण सर्रास म्हणतो. घोणशीच्या बाबतीत घडतं ते उलटंच. तिच्या विषातली द्रव्यं रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी दहाव्या आणि पाचव्या क्रमांकाच्या घटकांना एकदम कामाला लावतात. अंगभर बारीक बारीक गुठळ्या व्हायला लागतात आणि त्यात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन संपून जातं. एरवी शंभर मिलिलिटर प्लाझ्मात ते दोनशे ते चारशे मिलिग्रॅम असतं. जखम झाली की त्याचेच धागे होतात आणि त्या जाळीत रक्तपेशी अडकून खपली धरते. साठाच संपल्यावर धागे कशाचे होणार? मग हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त येत राहतं. किडनीवर येतं ते वेगळंच.

प्रतिविष दिल्यावर नातेवाईकांना वाटतं की आता तासाभरात रिपोर्ट सुधारेल. डॉक्टर मात्र पुढची नळी सहा तासांनी लावतात. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला निकामी करतं; खर्च झालेलं फायब्रिनोजेन ते परत देत नाही. ते नव्याने बनवण्याचं काम लिव्हरचं, आणि त्याला साधारण तेवढा वेळ लागतो. वॉर्डाबाहेर त्या सहा तासांत जे वाद होतात, त्यातले निम्मे तरी एवढं समजावून सांगितलं तर होणार नाहीत असं मला वाटतं.

या घोणशीने वैद्यकावर उपकारही केले आहेत. 1934 साली लंडनमध्ये मॅकफर्लेन नावाच्या तरुण डॉक्टरने तिथल्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांचा विभाग सांभाळणाऱ्या बर्नेट यांना हाताशी धरलं आणि वेगवेगळ्या सापांची विषं रक्तावर टाकून पाहिली. सगळ्यांत कामाची ठरली आपल्या घोणशीची. खूप पातळ केलेलं तिचं विष हिमोफिलियाच्या रुग्णाच्या जखमेवर लावलं की रक्त थांबायचं. पुढे 1964 साली याच मॅकफर्लेनने रक्त गोठण्याची उतरंड मांडली: एक घटक दुसऱ्याला जागं करतो, दुसरा तिसऱ्याला, आणि दर पायरीला काम अनेक पटींनी वाढत जातं. रक्त गोठण्यातले काही बिघाड शोधण्यासाठी मोठ्या प्रयोगशाळांत आजही घोणशीचं विरळ केलेलं विष वापरतात.

निरोगी माणसाचं रक्त न गोठू देणारं औषध असलेल्या जांभळ्या झाकणाच्या नळीत घेऊन फिरवलं, तर त्याचे थर लागतात. वर गव्हाळ-पिवळा प्लाझ्मा, साधारण 55 टक्के. तळाला गडद लाल पेशी, सुमारे 45 टक्के. बायकांमध्ये थोड्या कमी. मधे पांढुरका, जेमतेम दिसणारा पापुद्रा असतो. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट त्या पापुद्र्यात. सगळं मिळून एक टक्काही भरत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात असं पाचेक लिटर रक्त असतं आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय तेवढं सगळं साधारण मिनिटाभरात एकदा फिरवून आणतं.

प्लाझ्मा नव्वद टक्के पाणीच. पण जेवणातली साखर, मीठ, हार्मोन, युरिया, औषधाची गोळी, सगळं त्यातूनच फिरतं. पेशींनी सोडलेला कार्बन डायऑक्साइडही बहुतांश त्यातच विरघळून, रूप बदलून फुप्फुसापर्यंत येतो. त्यातलं अल्ब्युमिन हे प्रथिन पाण्याला रक्तवाहिनीत धरून ठेवतं. ते घटलं की पाय सुजतात.

खरी गर्दी लाल पेशींची. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये पन्नास लाखांच्या आसपास. आकार भोक न पाडलेल्या मेदूवड्यासारखा, मधे दोन्हीकडून दाबलेला. हाडांच्या मगजात दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त लाल पेशी तयार होतात आणि 120 दिवसांनी मोडीत निघतात. मोडलेल्या पेशीतलं लोह शरीर टाकत नाही, पुन्हा वापरतं. पूर्ण वाढलेल्या लाल पेशीत केंद्रक नसतं. ती जागा हिमोग्लोबिनने भरलेली असते.

हिमोग्लोबिनचा हिशोब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. शंभर मिलिलिटर रक्तात ते पंधरा ग्रॅम असेल तर वीस मिलिलिटर ऑक्सिजन वाहिला जातो. नुसत्या प्लाझ्मात विरघळून गेला असता तर जेमतेम 0.3. आता ज्या बाईचं हिमोग्लोबिन सात आहे, तिचं रक्त निम्माही ऑक्सिजन नेत नाही. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना तिचं हृदय दुप्पट पळतं, ते याच कारणाने. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. कारखाने सुरू झाले की कर्जत-जामखेडकडून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर फडाकडे निघतात, त्यांत या बायका असतातच.

‘अंगात रक्त नाही’ असं सांगितलं की घरात बीट आणि डाळिंब येतं. लाल खाल्लं की लाल होतं, हा हिशोब सोपा आहे खरा, पण बिटाचा रंग वेगळ्याच द्रव्याचा आणि त्यात लोह बेताचंच. त्यापेक्षा बाजरीची भाकरी बरी, हळीव बरे, मटण-कलेजी तर फारच चांगली. भाकरीवर लिंबू पिळावं आणि जेवल्या जेवल्या चहा घेऊ नये, कारण चहा लोह शोषू देत नाही. आशाताईंनी दिलेल्या गोळ्या मात्र डब्यात पडून राहतात. ‘मळमळतं ओ ताई, काळी शी होते’ हे त्यामागचं खरं कारण, आणि ते खोटं नाही. रात्री झोपताना घेतली तर बऱ्याच जणींना सोसते.

त्या गोळीत दोन वस्तू असतात: 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. त्यातल्या दुसरीची जन्मकथा मुंबईतली आहे. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर 1928 साली मुंबईत आली आणि हाफकिन संस्थेत बसून गिरणगावातल्या गरीब गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा छडा लावू लागली. या बायकांच्या लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आणि कमी असायच्या. जंतू सापडेनात, म्हणून तिने त्यांचं रोजचं जेवण तपासलं. उंदीर झाले, माकडं झाली, आणि मार्माइट नावाच्या यीस्टच्या स्वस्त अर्काने रक्त भराभर सुधारताना दिसलं. 1931 साली तिने ते प्रसिद्ध केलं. त्यात नेमकं काय आहे हे कळायला आणखी दहा वर्षं लागली. 1941 साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळं काढलं गेलं. लोह हिमोग्लोबिन भरतं, फॉलिक ॲसिड पेशी विभागायला लागतं. म्हणून गोळी दोघांची मिळून.

मधल्या पांढुरक्या थराबद्दल थोडक्यात. पांढऱ्या पेशी एका घन मिलिमीटरमध्ये चार ते अकरा हजार. जंतूंशी झुंजून मेलेल्या याच पेशींचा पू होतो. प्लेटलेट दीड ते साडेचार लाख, आणि डेंगीमुळे आता त्यांचं नाव पारावरही घेतलं जातं. नातेवाईक रोज तेवढाच आकडा विचारतात. डेंगीत जास्त धोका प्लाझ्मा रक्तवाहिन्यांतून झिरपण्याचा असतो, म्हणून रिपोर्टातला हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, चढतो आहे का ते आधी बघावं. रक्तस्राव नसेल तर आकडा लाखाखाली गेला एवढ्यावरून प्लेटलेटची पिशवी लावायची गरज नसते.

रक्तगटांची गोष्ट 1901 साली व्हिएन्नात सुरू झाली. कार्ल लँडस्टायनरने प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांची रक्तं एकमेकांत मिसळली आणि काही जोड्यांत गाठी होतात, काहींत होत नाहीत, हे पाहिलं. ए, बी, ओ, आणि लगेच पुढे एबी. पन्नास वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग मुंबईत गाडं अडलं. रेल्वेच्या अपघातात सापडलेल्या एकाला आणि भोसकलेल्या दुसऱ्याला रक्त द्यायचं होतं. त्यांच्या रक्ताशी ए जुळेना, बी जुळेना, सगळ्यांना चालणारं म्हणून ज्याची ख्याती ते ओसुद्धा गाठाळायला लागलं. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे, भाटिया यांनी नमुने लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन, वॉटकिन्स यांच्याकडे पाठवले, आणि 1952 साली ‘लॅन्सेट’मध्ये नवा गट जाहीर झाला. जग त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतं.

ए आणि बी या खुणा ज्या पायावर बांधल्या जातात त्याला एच म्हणतात. ओ गटात नुसता पाया असतो. बॉम्बे गटात पायाच नसतो, म्हणून त्या शरीराला ओ गटाचं रक्तही परकं वाटतं आणि ते दिलं तर जिवावर बेतू शकतं. घोटाळा असा की नेहमीच्या ए-बीच्या तपासणीत हा माणूस ओच दिसतो. उलट बाजूने, म्हणजे त्याच्या प्लाझ्मात ओ गटाच्या पेशी टाकून पाहिल्या तरच गाठी दिसतात. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. हा गुण आई-बाप दोघांकडून यावा लागतो, त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल असलेल्या घरांत त्याची शक्यता वाढते. आणि कागदावर ओ असलेल्या आई-बापांना ए गटाचं मूल झालं, तर बाईवर संशय घेण्याआधी ही तपासणी करावी. मुंबईत साधारण दहा हजारांत एक असा माणूस सापडतो, युरोपात दहा लाखांत एखादा. परळला केईएमच्या आवारात 1957 साली रक्तगटांसाठी सुरू झालेलं केंद्र आज नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी म्हणून ओळखलं जातं. दुर्मीळ गटांच्या दात्यांची नोंद ठेवण्याचं काम तिथे चालतं.

हे झालं प्रयोगशाळेतलं. गावात रक्ताशी गाठ पडते ती शिबिरात, गणेशोत्सवात नाहीतर एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला. तिथे टेबलावर निळ्या पाण्याची वाटी दिसली तर ते मोरचूद समजावं, डाळिंबावर फवारतात तेच. द्रावण 1.053 घनतेचं केलेलं असतं. बोटाचा थेंब त्यात पंधरा सेकंदांच्या आत बुडाला तर हिमोग्लोबिन 12.5च्या वर आहे, दाता पास. तरंगला तर चहा-बिस्किट घेऊन घरी. वजन किमान 45 किलो, वय 18 ते 65. 350 नाहीतर 450 मिलिलिटर रक्त घेतात; पुरुषाला पुन्हा तीन महिन्यांनी, स्त्रीला चार महिन्यांनी देता येतं. एचआयव्ही, बी आणि सी या दोन्ही काविळी, सिफिलिस आणि मलेरिया तपासूनच पिशवी पुढे जाते. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांचा धंदा सर्वोच्च न्यायालयाच्या 1996च्या निकालामुळे 1 जानेवारी 1998पासून बंद झाला. त्यानंतर सगळी भिस्त या शिबिरांवर आणि नातेवाइकांवर आहे.

घेतलेली पिशवी फिरवून तिचे भाग करतात. लाल पेशी योग्य द्रावणात 2 ते 6 अंशांवर 42 दिवस टिकतात. गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर. प्लेटलेट मात्र 22 अंशांच्या आसपास, सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसांत संपवाव्या लागतात. दसऱ्याला दणक्यात शिबिर घेतलं तरी त्यातली एकही प्लेटलेट पिशवी लक्ष्मीपूजनापर्यंत पोचत नाही. डेंगीचे पेशंट याच दिवसांत भरती असतात, कॉलेजांना सुटी असते, नेहमीचे दाते गावी गेलेले असतात. नगरच्या किंवा बारामतीच्या रक्तपेढीतून पाडव्याला फोन आला, तर तो बहुधा या पाच दिवसांच्या पिशवीसाठी असतो.