लेकीला कोणता खेळ लावू? एनडीएचं स्वप्न बघणाऱ्या घरांसाठी



मागच्या महिन्यात अंबड तालुक्यातल्या एका गावात गटाची बैठक संपली. वह्या भरून झाल्या, सह्या झाल्या, आणि सगळ्या उठत असताना एक ताई मला बाजूला घेऊन गेल्या. त्यांची लेक नववीत आहे. तिला खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जायचं आहे. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की, "तिकडं राज्य पातळीवर खेळलेल्याचं प्रमाणपत्र लागतं. पैसे द्या, मी काढून देतो." ताईंनी मला विचारलं, "मॅडम, यासाठी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं तर चालेल का?"

मी त्यांना तिथंच 'नका घेऊ' म्हणाले. पण नुसतं 'नका' म्हणून भागत नाही. मग लेकरानं करायचं काय, खेळायचं काय, हे सांगायला पाहिजे. तोच प्रश्न आणखी दोन गावांत निघाला, म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट पक्की करा

एनडीएत खेळाच्या प्रमाणपत्राला वेगळे गुण नाहीत आणि खेळाडूंसाठी राखीव जागाही नाहीत. निवड अशी होते: यूपीएससीची लेखी परीक्षा ९०० गुणांची. त्यात गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००. त्यात पास झालेल्यांना एसएसबी, म्हणजे सेवा निवड मंडळाची पाच दिवसांची मुलाखत. तिलाही ९०० गुण. त्यानंतर वैद्यकीय तपासणी. या सगळ्यात 'राज्यस्तर असेल तर इतके गुण जास्त' असं कुठेच नाही.

मग हा गोंधळ कुठून आला? पोलीस भरती आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांमधून. तिथं खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्याला ठराविक स्पर्धांचं प्रमाणपत्र लागतं. दहावी-बारावीलाही खेळाचे वाढीव गुण मिळतात, ते शाळेमार्फत. या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या एनडीएच्या नाहीत. आणि जिथं प्रमाणपत्र लागतं तिथं क्रीडा खात्याकडून त्याची पडताळणी होते. खोटं निघालं तर नोकरी जाते आणि गुन्हाही दाखल होतो. म्हणजे विकतचा कागद एनडीएत कामाचा नाही, आणि दुसरीकडं तर लेकीच्या गळ्याला फास आहे.

तर मग खेळाचा उपयोग काय?

उपयोग भरपूर आहे. तो कागदात नसून लेकरात आहे, एवढाच फरक.

एसएसबीला गेल्यावर मुलांकडून एक माहितीचा फॉर्म भरून घेतात. घरचं, शिक्षणाचं विचारतात, तसंच कोणते खेळ खेळता, किती वर्षं, कोणत्या पातळीवर, संघात काही जबाबदारी होती का, हेही विचारतात. मुलाखत घेणारे अधिकारी तोच फॉर्म समोर ठेवून बोलतात. 'कबड्डी' लिहिलं असेल तर प्रश्न येणारच: तू चढाई करायचीस की पकड? हरलेला एखादा सामना सांग, का हरलात? मैदान किती लांबीचं असतं? खरंच खेळलेली पोरगी यावर अर्धा तास बोलेल. विकतचा कागद घेऊन गेलेली दोन मिनिटांत गप्प होईल. आणि खोटं पकडलं गेलं की बाकीचं खरंही खोटं वाटायला लागतं.

दुसरं, एसएसबीत दोन दिवस मैदानावरची कामं असतात. सात-आठ जणांचा गट करतात. समोर एक अडथळा, हातात एक फळी, एक दोर, एखादं लाकडाचं ओंडकं. जमिनीला पाय न लावता सगळ्या गटानं सामानासकट पलीकडं जायचं. अधिकारी बाजूला उभं राहून बघतात: कोण युक्ती सांगतं, कोण दुसऱ्याचं ऐकतं, कोण मागं राहिलेलीला हात देतं, कोण चिडतं, कोण नुसतं बघत राहतं. एकटीनं पार करायचे दहा अडथळेही असतात, त्याला तीन मिनिटं.

अधिकारी होण्यासाठी लागणारे १५ गुण ते तपासतात. सहकार्य, जबाबदारीची जाणीव, पुढाकार, पटकन निर्णय, धीर, तग, असे ते गुण. हे पुस्तकात वाचून येत नाहीत. मैदानावर रोज थोडे थोडे येतात.

निवडायचा कसा?

मी मुलींना आणि आयांना तीनच प्रश्न विचारते.

*पहिला: हा खेळ गावात किंवा शाळेत रोज खेळता येईल का?* पोहण्याचा तलाव किंवा टेनिसचं मैदान आपल्या गावात नाही. वर्षातून दोनदा शहरात जाऊन खेळलेल्या मोठ्या नावाच्या खेळापेक्षा शाळेच्या मैदानात चार वर्षं रोज खेळलेला खो-खो कधीही मोठा. 'लहान' खेळ म्हणून एसएसबीत कुणाला कमी गुण मिळत नाहीत.

*दुसरा: तो संघाचा खेळ आहे का?* कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, हँडबॉल, फुटबॉल. यात एकटीचं चालत नाही. खो-खोमध्ये बघा, पाठलाग करणारीला मागं वळता येत नाही. पळणारी हातातून सुटली की जवळ बसलेल्या मैत्रिणीला 'खो' द्यावाच लागतो. श्रेय तिला गेलं तरी चालेल, संघाला गुण मिळाला पाहिजे, हे पोरगी तिथंच शिकते. कबड्डीत चढाईला ३० सेकंद. समोर सात जणी, तेवढ्यात ठरवायचं: जायचं की परतायचं.

*तिसरा: लेकीला आवडतो का?* आपण लादलेला खेळ सहा महिन्यांत सुटतो. आवडीचा खेळ ऊन असो की पाऊस, चालू राहतो.

लेकीला कुस्ती, ज्युडो किंवा धावणं असा एकटीचा खेळ आवडत असेल तर तोडू नका. फक्त गटात काम करायची संधी तिला दुसरीकडं द्या: शाळेचं मंत्रिमंडळ, स्काऊट-गाईड, शाळेत असेल तर एनसीसी.

आणि खेळ कोणताही असो, जोडीला धावणं पाहिजेच. निवड झालेल्यांनी अंगानं तयार होऊन यावं म्हणून एनडीएच्या जाहिरातीत सुचवलेलं असतं: २.४ किलोमीटर १५ मिनिटांत धावणं, दोरीवरच्या उड्या, जोर-बैठकांसारखे व्यायाम, दोरावर चढणं. यातलं बहुतेक आपल्या पांदीच्या रस्त्यावर आणि अंगणात होतं. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे लहानपणी रोज सहा किलोमीटर चालत-पळत शाळेत जायचा. बारावीनंतर तो जवान म्हणून सैन्यात भरती झाला. स्पर्धेतलं धावणं त्यानं तिथं गेल्यावर सुरू केलं आणि २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणलं. त्याच्या पायात दम होता.

मुलींच्या बाबतीत सांगायचं तर जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि तो भारताच्या मुलींनी जिंकला. त्या संघाची कप्तान प्रियंका इंगळे, मूळ बीड जिल्ह्यातलीच. आपल्या शाळेच्या मैदानावर चुन्यानं आखतात तोच हा खेळ.

एक गैरसमजही काढून टाका. 'बास्केटबॉल खेळलं की उंची वाढते' म्हणून कुणी खेळ बदलू नका. उंची मुख्यतः आईबापाकडून आणि खाण्यापिण्यातून येते. मुलींसाठी सैन्यदलाची अट साधारण १५२ सेंटिमीटरची आहे, वैमानिक व्हायचं तर जास्त.

कोणत्या वर्गात काय?

*सातवी-आठवी:* सगळे खेळ खेळू द्या. यातून एक आपोआप पुढं येतो.

*नववी-दहावी:* एक खेळ धरून ठेवा. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. आधी तालुका, मग जिल्हा, विभाग आणि राज्य. नाव शाळेमार्फतच जातं, म्हणून क्रीडा शिक्षकांना आईनं स्वतः जाऊन भेटावं. शिक्षक नसतील तर जालन्याला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करावी. तालुक्याला हरली तरी हरकत नाही. खेळली हे महत्त्वाचं. दहावीच्या वर्षी खेळ पूर्ण बंद करू नका. संध्याकाळचा अर्धा तास राहू द्या, डोकं मोकळं होतं.

याच वर्षी आणखी एक दार आहे. मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था आहे. तशीच मुलींची संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. अकरावी-बारावीची दोन वर्षं तिथं राहून एनडीएची तयारी करून घेतात. दहावीच्याच वर्षी प्रवेश परीक्षा आणि मुलाखत असते, म्हणून जाहिरातीवर लक्ष ठेवा.

*अकरावी-बारावी:* गणित सोडू नका. लेखी परीक्षेत गणिताचे ३०० गुण आहेत. खेळात कितीही हुशार असली तरी लेखी पास झाल्याशिवाय एसएसबीचं बोलावणं येत नाही. अर्ज वर्षातून दोनदा निघतो, बारावीत शिकत असतानाही भरता येतो, मुलींना फी नाही.

आता आपलं, आयांचं

पोरी खेळ सोडतात तो बहुतेक आठवी-नववीत. पाळी येते, घरचे म्हणतात आता मोठी झाली, पळापळ बरी दिसत नाही. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मुलं असतात आणि मुली पाण्यावर, भाकरीवर, लहान भावाकडं. मीसुद्धा नववीत खो-खो सोडला तो असाच. कुणी रागावलं नाही, कुणी बंदी घातली नाही. फक्त संध्याकाळचा तास माझा राहिला नाही.

म्हणून लेकीला कोणता खेळ लावायचा, याच्या आधी तिचा संध्याकाळचा तास कोण राखणार, हे घरात ठरवा. त्या तासात तिला काम सांगायचं नाही. पाळीत तिला बरं वाटत असेल तर खेळायला काही अडचण नाही, त्रास होत असेल तर विश्रांती. मैदानावर एकटीला पाठवायची भीती वाटत असेल तर चार घरच्या चार पोरी एकत्र पाठवा आणि गटातली एक ताई पाळीपाळीनं तिथं बसू द्या.

खाण्याकडंही बघा. आपल्याकडं बऱ्याच मुलींचं रक्त कमी असतं. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी तिनं जेवण झाल्यावर घेतली का, विचारा. शेंगदाणे-गूळ, पालेभाजी, डाळ, जमेल तसं अंडं. घरात आधी मुलाला आणि उरलं तर मुलीला, ही वाटणी बंद.

आणि शेवटची अट, सगळ्यात मोठी. एनडीएसाठी वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि उमेदवार अविवाहित पाहिजे. ऊसतोडीला जाताना पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून सोळाव्या वर्षी लग्न उरकलं, तर हे दार त्याच दिवशी बंद होतं. कायद्यानंही तो गुन्हा आहेच.

ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसू द्यायचा आदेश दिला. २०२२ मध्ये पहिल्या १९ मुली खडकवासल्याला गेल्या आणि ३० मे २०२५ रोजी १७ जणी शिक्षण पूर्ण करून संचलन करत बाहेर पडल्या. जागा थोड्या आहेत, खोटी आशा मी दाखवणार नाही. आपल्यातल्या सगळ्याजणींच्या लेकी तिथं पोहोचणार नाहीत. पण चार वर्षं मैदानावर खेळलेली पोरगी पोलीस भरतीला जाईल, नर्सिंगला जाईल किंवा गटाची अध्यक्ष होईल, तरी तिला चारचौघांत बोलायची भीती वाटणार नाही. हा खेळ वाया जात नाही.

त्या अंबडच्या ताईंनी कर्ज घेतलंच. प्रमाणपत्रासाठी नाही, लेकीच्या धावायच्या बुटांसाठी. तीन हप्त्यांत फिटेल एवढंच.

पुढच्या मासिक बैठकीत विषयपत्रिकेवर एवढा एक मुद्दा घ्या: आपल्या गावात सातवी ते बारावीच्या किती मुली आहेत, त्यातल्या किती संध्याकाळी मैदानावर जातात, आणि बाकीच्या का जात नाहीत. उत्तर वहीत लिहून ठेवा. मी आले की आपण मिळून बघू.