अक्षरांच्या पलीकडचा वाचक

साक्षर होणे आणि वाचक होणे या दोन गोष्टी आपल्याकडे बराच काळ एकच समजल्या गेल्या आणि त्यामुळे मूल अक्षरे लावून वाचू लागले की शाळेचे, घराचे आणि शासनाचे काम संपले, असे मानण्याची सवय पडली. प्रत्यक्षात वाचक घडू लागतो तो अक्षरओळखीच्या बराच आधी, कानांवाटे, आणि हे घडणे आयुष्यभर चालू राहते. मात्र प्रत्येक टप्प्यावर त्याला कोणाची तरी सोबत लागते आणि ती सुटली की तो तिथेच थांबतो. हा सगळा प्रवास एका जिल्ह्यात पाहायचा तर सातारा जिल्हा पाहावा. सज्जनगड, फलटण, वाई आणि महाबळेश्वर तालुक्यातले भिलार ही ठिकाणे एकमेकांपासून फार दूर नाहीत, पण वाचनाच्या इतिहासात त्यांच्यामध्ये शतकांचे अंतर आहे.

मराठी माणसाचे पहिले वाचन म्हणजे श्रवण. श्रावणात देवळात किंवा ओसरीवर पोथी लावायची, एकाने ओवी वाचायची, जाणत्याने तिचा अर्थ सांगायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचे, या रीतीने श्रीधरांचे हरिविजय आणि पांडवप्रताप हे ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या निरक्षर माणसांच्या तोंडी बसले. ही माणसे वाचक होती की नव्हती, या प्रश्नाचे उत्तर फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी 1986 मध्ये मांडलेल्या एका सूत्रातून शोधता येते. वाचून समजणे हा दोन क्षमतांचा गुणाकार आहे, असे ते सूत्र सांगते: एक क्षमता उकलीची, म्हणजे लिखित चिन्हांचे उच्चारात रूपांतर करण्याची, आणि दुसरी भाषा समजण्याची. बेरजेत एक संख्या शून्य असली तरी दुसरी उरते, गुणाकारात काहीच उरत नाही. विष्णुसहस्रनाम अस्खलित वाचणाऱ्या पण संस्कृत न येणाऱ्या माणसाकडे पहिली क्षमता असते, तर पोथीतला प्रसंग ऐकून डोळे पुसणाऱ्या निरक्षर आजीकडे दुसरी. दोघांपैकी आजीकडे जे आहे ते मिळवायला जास्त वर्षे लागतात, आणि नेमके तेच शाळेच्या मोजमापात धरले जात नाही.

सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे त्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासात लेखनक्रियेचे निरूपण केले आहे. लिहिणाऱ्याला दिलेली ती सूचनावली असली तरी तिच्यात सर्वत्र वाचणाराच डोळ्यांसमोर आहे. पानाच्या भोवती मोकळी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण तेच पान म्हातारपणी वाचता येणार नाही. शेवटचे अक्षर पहिल्यासारखेच, एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे. हस्तलिखितांच्या काळात ग्रंथ नकलेने टिकत असे आणि नकलाकार हा बहुधा त्या ग्रंथाचा सर्वांत सावकाश वाचणारा वाचक असे, हे लक्षात घेतले की या सूचनांचे मोल कळते.

उकलीचा टप्पा मात्र वाटतो तितका सोपा नाही, आणि देवनागरीत तर मुळीच नाही. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला सव्वीस अक्षरे ओळखायची असतात. मराठी मुलापुढे केवळ बाराखडीची रूपे चारशेच्या घरात असतात आणि जोडाक्षरे वेगळी. ‘किरण’ या शब्दातली ऱ्हस्व वेलांटी लिहिली जाते आधी आणि उच्चारली जाते नंतर, म्हणजे डोळा आणि कान इथे उलट क्रमाने चालतात. एकट्या ‘र’चे पाहिले तर तो ‘कर्म’मध्ये पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, ‘क्रम’मध्ये तिरप्या रेघेने पोटात शिरतो, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी वेगळेच रूप घेतो आणि ‘दरी’च्या ‘दऱ्या’ होतात तेव्हा आणखी निराळा दिसतो. कन्नड मुलांच्या अभ्यासातून सोनाली नाग यांनी दाखवले आहे की अशा लिप्यांतील अक्षरसंच पूर्ण आत्मसात व्हायला प्राथमिक शाळेची बरीच वर्षे लागतात. पहिलीतच सगळे अक्षरज्ञान उरकण्याची घाई करणाऱ्या पालकांनी आणि पर्यवेक्षकांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

या प्रश्नावर महाराष्ट्रात जे मूलभूत काम झाले, त्यातले फार महत्त्वाचे काम फलटणला झाले आहे. मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी तिथे प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. वर्णमाला पहिल्यापासून शेवटपर्यंत घोकून घ्यायची आणि मग शब्दांकडे वळायचे, या क्रमाला फाटा देऊन तिथे अक्षरगटांची पद्धत विकसित झाली. अक्षरगट म्हणजे काही निवडक व्यंजने आणि त्यांच्या जोडीला एखादे स्वरचिन्ह. उदाहरणार्थ क, म, न आणि काना एवढेच हाती आले तरी काका, मामा, नाना, काम, नाक, कान, मान असे कितीतरी शब्द मूल लगेच वाचू शकते आणि त्यातला प्रत्येक शब्द त्याच्या घरातला असतो. त्याच वेळी त्याला गोष्टी वाचून दाखवल्या जातात, त्याच्याशी गप्पा होतात आणि मोडके-तोडके का होईना, स्वतःच्या मनातले लिहायला त्याला उत्तेजन मिळते. गुणाकारातल्या दोन्ही संख्या एकाच वेळी वाढवण्याचा हा मार्ग आहे. घोकंपट्टीत अर्थ पुढच्या वर्गासाठी राखून ठेवला जातो, इथे तो पहिल्याच आठवड्यात मुलाच्या हाती पडतो.

वाचकांची सर्वांत मोठी गळती होते ती याच्या पुढच्या टप्प्यावर, साधारण तिसरी ते सहावीच्या वर्षांत. अमेरिकन अभ्यासक जीन चॉल यांनी 1983 मध्ये वाचनविकासाचे टप्पे मांडताना, वाचायला शिकणे आणि वाचून शिकणे यांच्यामधल्या या वळणावर बोट ठेवले होते. उकल अजून अडखळत असते, ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते, आणि ओघ येण्यासाठी जे पुष्कळ सोपे, आवडीचे वाचन लागते ते हाताशी नसते. उलट पाठ्यपुस्तके याच सुमारास एकदम जड होतात. बालभारतीने नोव्हेंबर 1971 मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू केले ते याच वयासाठी, आणि मराठीतल्या कितीतरी वाचकांना पुस्तकाची गोडी त्याच्या पानांनी लावली आहे. ओघाबरोबर लागते ते जगाचे ज्ञान, कारण विषय अगदीच अपरिचित असेल तर उत्तम उकल करणारे मूलही अर्थापर्यंत पोहोचत नाही. वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली आकाराला आलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. जगातले ज्ञान मराठी वाचकाला मराठीतून मिळावे हा त्यामागचा आग्रह म्हणजे या गरजेला दिलेले प्रौढांच्या पातळीवरचे उत्तर होते.

प्रौढ वाचनाची कसोटी महाबळेश्वरातच एकदा लागली. 2009 मध्ये तिथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे निर्वाचित अध्यक्ष आनंद यादव यांना ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवर वारकऱ्यांनी घेतलेल्या आक्षेपांमुळे पद सोडावे लागले आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडले. एकीकडे पारायणाचे, श्रद्धेचे, समूहाचे वाचन होते, ज्यात तुकोबा रोज भेटणारे दैवत आहेत. दुसरीकडे एकट्याने, मनातल्या मनात होणारे कादंबरीचे वाचन होते, ज्यात तेच तुकोबा एक माणूस म्हणून उभे राहतात. या दोन्ही परंपरा मराठीच्याच आहेत. एका वाचकाला दुसऱ्याच्या जागी उभे राहून वाचता येणे ही वाचनविकासाची फार पुढची पायरी आहे, आणि तिथे समाज म्हणून आपण कमी पडलो हे दुःखाने नोंदवावे लागते. कादंबरीवरचा वाद कादंबरी वाचूनच व्हायला हवा होता.

त्यानंतर आठ वर्षांनी, 4 मे 2017 रोजी, पाचगणी-महाबळेश्वर रस्त्याजवळचे भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकाराने ‘पुस्तकांचं गाव’ झाले. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावावरून ही कल्पना सुचली, पण दोन्हींत मोठा फरक आहे: तिथे जुन्या पुस्तकांची विक्री हा गावाचा व्यवसाय आहे, भिलारमध्ये पुस्तके विकली जात नाहीत, ती फुकट वाचायची असतात. सुमारे पंधरा हजार पुस्तके पंचवीस ठिकाणी मांडून सुरुवात झाली. कोणाच्या घरी कादंबऱ्या, कोणाकडे कविता, कोणाकडे संतसाहित्य, चरित्रे किंवा बालसाहित्य, आणि दिवाळी अंकांनाही त्यांची जागा. वाचणारा एखाद्या कुटुंबाच्या ओसरीवर किंवा खोलीत बसतो आणि घरातली माणसे आपापल्या कामात असतात. ग्रंथालयाच्या मांडणीपेक्षा हे पोथीच्या ओसरीला जास्त जवळचे आहे, म्हणूनच ते मोलाचे आहे. पुढे ही योजना इतर जिल्ह्यांत नेताना निवडलेल्या गावांत सांगली जिल्ह्यातले अंकलखोपही आले, ज्याच्या शेजारच्या औदुंबरात मकरसंक्रांतीला साहित्य संमेलन भरवण्याची जुनी परंपरा आहे.

अशा गावांचे यश पर्यटक किती आले यावर मोजण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. खरे तर महाबळेश्वरच्या डोंगरात पावसाळ्याचे चार महिने धुके आणि धो-धो पाऊस असतो, पर्यटक विरळ होतात, शेतीची कामे मंदावतात; आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची तिसरी-चौथीतली, अडखळत वाचणारी मुले आणि ही पुस्तके यांची गाठ पडायची तर त्याच दिवसांत. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. बालसाहित्याच्या घरात आठवड्यातून दोनदा मोठ्याने वाचून दाखवणारे एक मोठे माणूस आणि मुलाला घरी नेऊ देण्याजोगी, फाटली तरी चालतील अशी पन्नास-शंभर पुस्तके एवढी तजवीज झाली, तरी या मुलांना नेमकी कमी पडणारी सोबत मिळेल.