सर्व्हरचा कारभार

संगणक म्हटला की पडदा आणि कळफलक डोळ्यांपुढे येतात. परंतु अनेक संगणकांना माहिती पुरविणारा 'सर्व्हर' बहुधा पडद्यावाचूनच अहोरात्र राबत असतो. त्याचा सारा कारभार चालविणाऱ्या आज्ञावलीस ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेली 'लिनक्स' विनामूल्य मिळत असल्याने नवशिक्यास ती सोयीची होय.

या अभ्यासात आम्हांस प्रथम भेटतो तो 'रूट', म्हणजे सर्वाधिकारी. त्याची आज्ञा, मग ती चुकीची का असेना, यंत्र निमूटपणे पाळते. पुसलेली फाइल परत मिळेलच असे नाही. म्हणून जाणते कारभारी नित्याचे काम साध्या खात्यातून करतात आणि 'सुडो' या आज्ञेने मोठा अधिकार गरजेपुरताच उसना घेतात.

प्रत्येक फाइलीपुरते मालक, गट व इतर असे तीन वर्ग असतात. वाचण्यास ४, लिहिण्यास २ आणि चालविण्यास १ असे अंक ठरलेले आहेत. ६४० याचा अर्थ असा की, मालकाने वाचावे व लिहावे, गटाने केवळ वाचावे, इतरांस मज्जाव. शाळेच्या गुणपत्रकांस हाच अंक शोभेल.

विद्यार्थिमित्रहो, सराव जुन्या, रिकाम्या संगणकावर करावा. बदल करण्यापूर्वी प्रत काढून ठेवावी. काही बिघडल्यास सर्व्हरने स्वतः ठेवलेल्या नोंदी आधी वाचाव्यात. त्या फाइलींत इतरांचे श्रम साठविलेले असतात, याचे भान राखणे हाच या विद्येचा पहिला धडा होय.