लाकडाला जवसाचे तेल

पोळपाट असो, भाजी चिरायची फळी असो की पाहुण्यांपुढे फराळ मांडायचा सागवानी सर्व्हिंग बोर्ड, त्याला लावलेले तेल पोटात गेले तरी चालणारे हवे आणि लाकडात सुकणारेही हवे. या दोन्ही अटी पाळणारी तेले थोडी. विदर्भात रब्बीला पिकणाऱ्या जवसाचे तेल त्यांतले एक.

तेल सुकते, हेच मुळात नवल. पाणी सुकते म्हणजे उडून जाते. जवसाचे तेल जागचे हलत नाही. त्यातली निम्म्याच्या आसपास मेदाम्ले अल्फा-लिनोलेनिक प्रकारची असतात. ती हवेतला ऑक्सिजन ओढून घेतात, रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि पातळ तेल घट्ट होते. सुकताना त्याचे वजन घटण्याऐवजी चक्क वाढते! शेंगदाणा तेलात हा गुण नाही. ते ओलेच राहते आणि पुढे खवट होते.

विदर्भातल्याच वर्ध्याचा तेलाशी जुना संबंध आहे. डिसेंबर १९३४ मध्ये येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. संघटनेची धुरा जे. सी. कुमारप्पांकडे होती. मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी तेलघाणीवर प्रयोग केले आणि त्यांची सुधारलेली घाणी ‘वर्धा घाणी’ म्हणून ओळखली गेली. गावची तेलबी गावातच गाळावी, हा त्यामागचा आग्रह. आजच्या कारागिरानेही घाणीचे शुद्ध तेलच घ्यावे.

हार्डवेअरच्या दुकानातले बेलतेल, म्हणजे ‘बॉइल्ड’ जवस तेल, मात्र नको. लवकर सुकावे म्हणून त्यात बहुधा कोबाल्ट, मँगनीजची संयुगे घातलेली असतात. दाराला ते उत्तम, पोळपाटाला नाही.

बारीक पॉलिश पेपर मारून फळी ओल्या फडक्याने पुसावी. उभे राहिलेले तंतू वाळल्यावर पुन्हा घासावेत. मग तेलाचा पातळ हात. अर्ध्या तासाने वर राहिलेले तेल पुसून काढावेच, नाहीतर चिकट थर बसतो. असे तीन-चार हात, मध्ये काही दिवस सोडून. पुरते घट्ट व्हायला आठवडे लागतात. दिवाळीची ऑर्डर असेल तर दसऱ्याच्या आधीच कामाला लागावे. तेवढा वेळ नसेल तर खाद्यदर्जाचे लिक्विड पॅराफिन आणि मधमाश्यांचे मेण यांचे मलम चालते. ते खवट होत नाही, पण धुण्यात निघून जाते आणि वरचेवर लावावे लागते.

तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात कधीही टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता सुटते, बोळ्यात कोंडते आणि काडी न लावताही चिंध्या पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.