थोरल्याची गादी

जालना जिल्ह्यात असई नावाचे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी इंग्रजांची मोठी लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. हाच पुढे १८१४ मध्ये ‘ड्यूक ऑफ वेलिंग्टन’ झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत त्याने नेपोलियनला हरवले. पण तो मुळात इतक्या लांब आला कशाला? आयर्लंडमधल्या एका उमराव घराण्यातला तो धाकटा मुलगा होता. वडिलांची पदवी थोरल्या भावाकडे गेली. धाकट्याने फौजेत जावे, पाद्री व्हावे किंवा हिंदुस्थानची वाट धरावी, असा तिथला रिवाज. हा रिवाज कळला की ब्रिटनचे ड्यूक कळतात.

मी कवी माणूस, त्यामुळे शब्दापासून सुरुवात करतो. ‘ड्यूक’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘डक्स’वरून आला. त्याचा अर्थ पुढे चालणारा, सेनानायक. गंमत अशी, की इंग्लंडमधली ही पहिली पदवी तिसऱ्या एडवर्ड राजाने १३३७ मध्ये आपल्या थोरल्या मुलाला दिली, तेव्हा तो ‘सेनानायक’ सात वर्षांचाही नव्हता. तो कॉर्नवॉलचा ड्यूक. उमरावांच्या पाच पायऱ्या असतात. सर्वांत वर ड्यूक, मग मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि शेवटी बॅरन.

पदवी राजाच्या मर्जीची. १५७२ मध्ये नॉरफोकच्या ड्यूकचे राणी एलिझाबेथविरुद्धच्या कटापायी डोके उडवले गेले. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे इंग्लंडात राजघराण्याबाहेरचा एकही ड्यूक उरला नव्हता. पुढे दुसऱ्या चार्ल्सने लग्नाबाहेर झालेल्या आपल्या मुलांना ड्यूक केले. ग्राफ्टन, रिचमंड, सेंट ऑल्बन्स ही त्यांचीच घराणी, आणि ती आजही नांदत आहेत. राजघराणे सोडले तर आज ब्रिटनमध्ये सुमारे दोन डझन ड्यूक आहेत.

पण पदवी म्हणजे नुसता कागद. खरे बळ जमिनीत. आपल्याकडे वाटणी होते, बांध वाढतात, तिसऱ्या पिढीच्या हाती चार गुंठे येतात. तिथल्या बड्या घराण्यांनी वाटणीच होऊ दिली नाही. पदवी थोरल्या मुलाला आणि मुख्य मिळकतही त्यालाच. शिवाय सतराव्या शतकात वकिलांनी असे दस्त तयार केले, की गादीवरचा माणूस जमिनीचे उत्पन्न हयातभर खाईल, पण जमीन विकू शकणार नाही. मालक खरा तो नव्हताच. मालक होते घराणे. ही गाठ १८८२ च्या कायद्याने सैल केली.

१८९४ मध्ये नव्या स्वरूपाचा वारसा कर आला आणि पुढे तो वाढत गेला. डेव्हनशरचे दहावे ड्यूक १९५० मध्ये वारले, तेव्हा घराण्यावर ऐंशी टक्के कर बसला. मुलाला जमिनी विकाव्या लागल्या, चित्रे द्यावी लागली, हार्डविक हॉल हा जुना वाडा सोडावा लागला. चॅट्सवर्थचा वाडा वाचला, पण तिकीट काढून येणाऱ्या पाहुण्यांच्या आधाराने. १९९९ च्या कायद्याने लॉर्ड्स सभागृहातले वंशपरंपरागत हक्कही गेले. तेव्हा मागे ठेवले ते फक्त ९२ जण. एवढे सगळे बदलले, पण एक गोष्ट हलली नाही.

ती सांगण्यासाठी मेरी डेव्हिस या मुलीची गोष्ट सांगायला हवी. वडील वारले तेव्हा ती तान्ही होती. तिच्या नावावर लंडनच्या पश्चिमेला सुमारे पाचशे एकर जमीन होती, बरीचशी दलदल आणि कुरणे. १६७७ मध्ये, बाराव्या वर्षी, तिचे लग्न सर टॉमस ग्रोव्हनर यांच्याशी लावले गेले. त्याच कुरणांवर पुढे मेफेअर आणि बेलग्रेव्हिया उभे राहिले, लंडनमधले सर्वांत महाग मोहल्ले. त्या श्रीमंतीच्या जोरावर १८७४ मध्ये हे घराणे वेस्टमिन्स्टरचे ड्यूक झाले. २०१६ मध्ये सहावे ड्यूक वारले. मागे तीन मुली आणि एक मुलगा. मुलापेक्षा दोन बहिणी मोठ्या. पदवी मात्र पंचवीस वर्षांच्या मुलाला मिळाली. जी जमीन एका मुलीने घरात आणली, तिच्यावर उभ्या राहिलेल्या गादीवर मुलीला बसता येत नाही.

अपवाद क्वचित झाले. मार्लबरोच्या ड्यूकचा मुलगा वारला होता, म्हणून १७०६ मध्ये संसदेने खास कायदा केला आणि १७२२ मध्ये त्यांची मुलगी हेन्रिएटा स्वतःच्या हक्काने गादीवर आली. म्हणजे मनात आणले तर कायदा वाकतो. २०१३ मध्ये राजसिंहासनासाठी तो वाकलाही. त्यानंतर जन्मणाऱ्या मुलांत, किंबहुना २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांत, थोरली मुलगी धाकट्या भावाच्या मागे पडत नाही. ड्यूकांच्या घरांना मात्र तो कायदा लागू झाला नाही.

हे वाचून आपल्याला हसू येईल. हसण्यापूर्वी आपल्या घरातली जुनी पेटी उघडून पाहावी. तिच्यात आत्याच्या, बहिणीच्या सहीचे एखादे हक्कसोडपत्र घडी घालून ठेवलेले सापडेल. आपल्याकडे कायद्याने मुलीला हिस्सा दिला आहे. तो तिच्या हाती पडू द्यायचा की नाही, एवढेच आपल्याकडे उरले आहे.