पित्ताची गोळी : पट्टी एकाची, घेणारे सगळे घर

रात्रीची जेवणे उरकून पाठ अंथरुणाला टेकते न टेकते तोच छातीत जळजळ सुरू होते. आंबट पाणी घशाशी येते. मग ‘पित्त झालंय’ म्हणत कोनाड्यातला डबा उघडला जातो, गोळीची पट्टी निघते, एक गोळी पोटात जाते आणि घर झोपी जाते. ती पट्टी मुळात कोणाची? वर्षापूर्वी डॉक्टरांनी थोरल्या मुलाला लिहून दिलेली. पुढे दुकानातून तशीच आणत गेले आणि आज ती सगळ्या घराची झाली.

बंधूंनो आणि भगिनींनो, गोळी वाईट नाही. योग्य माणसाने, योग्य वेळी, ठरल्या दिवसांपुरती घेतली तर ती मोठे काम करते. पण दुखणे न ओळखता रोज घेतली, तर तीच गोळी दुखण्यावर पांघरूण घालते.

गोळी काय करते?

अन्न पचवण्यासाठी जठरात तीव्र आम्ल तयार होते. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूचे एक दार असते. ते सैल पडले की आम्ल वर येते आणि छातीत आग होते. पोटभर जेवून लगेच आडवे होणे, जेवल्यावर वाकून खुरपणीला बसणे, तंबाखू, दारू, वाढलेले पोट, ही त्याची नेहमीची कारणे.

ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्या आम्ल तयार होण्याचे काम मंद करतात. जठरातील आम्ल सोडणारे पंप जेवणाबरोबर जोरात चालू होतात. म्हणून ही गोळी सकाळी न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते. जेवण झाल्यावर, आग पडली म्हणून घेतली तर पुरता गुण येत नाही. शिवाय पहिल्याच दिवशी पूर्ण आराम पडत नाही, दोन-चार दिवस लागतात. गोळीवर खास वेष्टण असते, म्हणून ती चावू नये, कुटू नये. एखाद्या दिवशी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

बाटलीतले पांढरे पातळ औषध वेगळे. ते तयार झालेले आम्ल मारते. आराम लवकर पडतो, पण थोडा वेळच टिकतो. लोहाच्या गोळ्या किंवा काही प्रतिजैविके चालू असतील, तर ती आणि हे औषध यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर ती अंगी लागत नाहीत. खाण्याचा सोडा पाण्यात घालून वरचेवर पिणेही बरे नव्हे. त्यात मीठासारखेच सोडियम असते. रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांना ते बाधते.

किती दिवस?

साध्या जळजळीसाठी डॉक्टर बहुधा चार ते आठ आठवडे गोळी देतात. ती संपली की पुन्हा दाखवावे. वर्षानुवर्षे चालू ठेवल्यास शरीरातील ब-12 जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते, हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. माळकरी, शाकाहारी घरांत ब-12 आधीच कमी असते, त्यांनी तर अधिक जपावे. मात्र बरेच महिने घेतलेली गोळी एकदम बंद केली तर आम्ल उसळून येते, आणि माणसाला वाटते, ‘बघा, गोळीवाचून चालतच नाही.’ म्हणून ती डॉक्टरांना विचारून हळूहळू सोडावी. काहींना ती कायमच लागते. त्यांनी आपल्या मनाने बंद करू नये.

आग एकीकडे, बंब दुसरीकडे

एखाद्या घरातले चित्र डोळ्यांपुढे आणा. सत्तरीचे बाबा गुडघ्यांसाठी रोज दुखण्याची गोळी घेतात. तिने पोटात आग पडते, म्हणून वर पित्ताची गोळी घेतात. आग थांबते, सगळ्यांना बरे वाटते. पण डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्या जठराच्या आतल्या अस्तराला इजा करतात. पित्ताच्या गोळीने धोका कमी होतो, संपत नाही. एक दिवस शौचास डांबरासारखी काळी, चिकट होते, चक्कर येते, तेव्हा कळते की आत जखम वाहते आहे. याला आपल्याकडे म्हणतात, आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! गुडघ्यासाठी कोणती गोळी, किती दिवस, हेच आधी डॉक्टरांना विचारायला हवे होते. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र ती परस्पर थांबवू नये.

जठराच्या जखमेचे दुसरे मोठे कारण म्हणजे एक जंतू. पूर्वी दोष तिखटाला आणि काळजीला दिला जाई. ऑस्ट्रेलियाचे डॉ. बॅरी मार्शल आणि डॉ. रॉबिन वॉरन यांनी 1980 नंतरच्या काळात हा जंतू दाखवून दिला. 1984 साली मार्शल यांनी तो स्वतः पिऊन पाहिला आणि त्यांच्या जठराला सूज आली. 2005 साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू असेल तर प्रतिजैविके आणि पित्ताची गोळी असा दहा ते चौदा दिवसांचा उपचार पुरा करावा लागतो. नुसत्या पित्ताच्या गोळीने तो जात नाही.

केव्हा थांबू नये?

काळी शौचास, रक्ताची उलटी, घास अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, सतत ओकारी, यांपैकी काही दिसले तर गोळी शोधत बसू नका, दवाखाना गाठा. छातीत दाबल्यासारखे दुखून घाम फुटला, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे गेले, तर ते पित्त समजू नका. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. लगेच 108 ला फोन करा.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगा. ओमेप्राझोलने तिचा गुण कमी होतो. गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने विचारल्याशिवाय काही घेऊ नये. औषधाचा डबा मुलांच्या हाताबाहेर आणि फवारणीच्या बाटल्यांपासून दूर ठेवा.

आणि घरचे उपाय विसरू नका. झोपण्याआधी तीन तास जेवा, दोन घास कमी जेवा, तंबाखू-मिश्री सोडा, उशाकडच्या खाटेच्या पायांखाली विटा ठेवून ती वीतभर उंच करा. घरची बाई सगळ्यांचे आटोपून रात्री दहाला जेवते आणि तशीच आडवी होते. तिचे पित्त गोळीने नव्हे, सगळ्यांनी तिच्यासह वेळेवर जेवायला बसल्याने कमी होईल.

आज रात्री कोनाड्यातला डबा उघडा. ज्या पट्टीचा धनी कोण हे सांगता येत नाही, ती बाजूला काढा.