सात संस्कार आणि त्यांची पूर्वतयारी

‘संस्कार’ हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंतचे सोळा संस्कार त्याला निदान नावाने तरी ठाऊक असतात. कॅथलिक ख्रिस्ती परंपरेतही संस्कार आहेत. त्यांची संख्या सात असून १५४७ साली ट्रेंट येथील धर्मपरिषदेने ती निःसंदिग्ध शब्दांत घोषित केली. त्यांचे मूळ लॅटिन नाव ‘साक्रामेन्तुम’ असे आहे. सैनिक जी शपथ घेत, तिलाही रोमन लोक हेच नाव देत. बंगळूरसारख्या बहुभाषक शहरात ह्या एकाच गोष्टीला अनेक नावे आहेत. कन्नड भाषक ‘संस्कार’ म्हणतात. कोंकणी कुटुंबांत पोर्तुगीजांकडून आलेला ‘साक्रामेंत’ हा शब्द ऐकू येतो. तमिळ भाषकांचा ‘अरुट्सादनम्’ म्हणजे कृपेचे साधन. तर केरळातून आलेल्यांचा ‘कूदाश’ हा शब्द सिरियाक भाषेतील असून पवित्रीकरण असा त्याचा अर्थ होतो. शपथ, कृपेचे साधन आणि पवित्रीकरण हे तिन्ही अर्थ ह्या विधींत सामावलेले आहेत.

चर्चच्या शिकवणुकीनुसार संस्कार म्हणजे अदृश्य कृपेचे दृश्य चिन्ह होय. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस, मस्तकावर ठेवलेला हात आणि उच्चारलेला शब्द ही त्याची साधने होत. स्नानसंस्कार, दृढीकरण व ख्रिस्तशरीर हे तीन संस्कार मनुष्याला धर्मसमाजात प्रवेश देतात. प्रायश्चित्त व रुग्णाभ्यंग हे दोन आरोग्यदायी मानले जातात. गुरुदीक्षा व विवाह हे दोन सेवेसाठी आहेत. ह्यांपैकी स्नानसंस्कार, दृढीकरण व गुरुदीक्षा आयुष्यात एकदाच घेता येतात. संस्काराचे सामर्थ्य तो देणाऱ्या धर्मगुरूच्या वैयक्तिक पावित्र्यावर अवलंबून नसते, असे चर्च मानते. परंतु त्याचे फळ मात्र घेणाऱ्याच्या मनोभूमीवर अवलंबून असते. पूर्वतयारीचे सारे महत्त्व ह्या दुसऱ्या विधानात आहे.

तान्ह्या बालकाच्या स्नानसंस्काराची तयारी अर्थातच बालकाला करता येत नाही. ती आईवडील व धर्मपिता-धर्ममाता ह्यांना करावी लागते. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार धर्मपिता वा धर्ममाता होणाऱ्याने सामान्यतः वयाची सोळा वर्षे पूर्ण केलेली असावीत व त्याचे दृढीकरण झालेले असावे. बालकाच्या वतीने आपण कोणती जबाबदारी पत्करतो आहोत, हे त्यांना आधी समजावून सांगितले जाते.

पुढे ते मूल रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गास जाऊ लागते व यथावकाश प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्यास सिद्ध होते. दहावे पायस ह्यांनी १९१० साली काढलेल्या आदेशाने त्यासाठी सुमारे सात वर्षांचे, म्हणजे समज येण्याचे वय ठरविले. तत्पूर्वी अनेक देशांत मुलांना दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत थांबावे लागे. मुलाने सारे धर्मशास्त्र जाणावे, अशी अपेक्षा नसते. आपण घेतो ती साधी भाकर नव्हे, एवढा भेद त्याला आपल्या बुद्धीप्रमाणे कळावा, हे पुरेसे असते. ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वी उपवास पाळावा लागतो. तो पूर्वी मध्यरात्रीपासून असे. १९६४ पासून एका तासाचा आहे. पाण्याने व औषधाने तो मोडत नाही. ह्या प्रसंगी पांढरा पोशाख, छायाचित्रे व मेजवानी ह्यांचा थाट एवढा वाढतो की, मुलाच्या स्मरणात तेवढेच उरण्याचा धोका असतो.

दृढीकरण लॅटिन परंपरेत काही वर्षांनी, बहुधा बिशपांच्या हस्ते होते. पौर्वात्य परंपरेत ते स्नानसंस्काराबरोबरच दिले जाते. बंगळूरमध्ये ह्या दोन्ही परंपरांची कुटुंबे शेजारी राहतात. त्यामुळे एकाच वर्गातील दोन मुलांची तयारी वेगवेगळी असू शकते.

प्रायश्चित्त संस्काराची तयारी सर्वस्वी अंतर्मुख असते. आधी आपल्या वर्तनाची झडती घ्यावयाची, मग मनापासून पश्चात्ताप करावयाचा, पुन्हा तसे न वागण्याचा निश्चय करावयाचा, धर्मगुरूपाशी पापनिवेदन करावयाचे आणि सांगितलेले प्रायश्चित्त पार पाडावयाचे, असा क्रम आहे. धर्मगुरूने ऐकलेले कोणापाशीही उघड करावयाचे नसते. येथे भाषेचा प्रश्न विशेष जाणवतो. बाजारात वा कचेरीत परक्या भाषेत व्यवहार करता येतो. पण मत्सर, कपट, आईशी केलेला उद्धटपणा ह्यांची कबुली देताना बहुतेकांना घरचीच भाषा आठवते. शिवाजीनगर येथील सेंट मेरी बॅसिलिकामध्ये तमिळ, कन्नड व इंग्रजी अशा तिन्ही भाषांतून उपासना होते, ह्याचे महत्त्व केवळ सोयीपुरते नाही.

अर्थ न कळल्याने संस्कार कसा हुकतो, ह्याचे ठळक उदाहरण रुग्णाभ्यंगाचे आहे. त्याला पूर्वी ‘अंतिम अभ्यंग’ म्हणत. त्यामुळे धर्मगुरूला बोलावणे म्हणजे आशा सोडणे, अशी समजूत दृढ झाली. रोगी घाबरेल ह्या भीतीने घरची माणसे निरोप धाडण्यास विलंब करीत आणि तेल लावले जाई तेव्हा तो शुद्धीवर नसे. वस्तुतः गंभीर आजाराच्या आरंभीच रोग्याने जाणतेपणी हा संस्कार घ्यावा, त्यातून धीर मिळवावा, असा त्याचा हेतू आहे. १९७२ च्या सुधारित विधीत हे स्पष्ट केले गेले. नाव बदलले, पण भीती मात्र अनेक घरांत रेंगाळली.

विवाहात वधूवर हेच परस्परांना संस्कार देतात व धर्मगुरू चर्चच्या वतीने साक्षी असतो, असे लॅटिन परंपरा मानते. म्हणूनच विवाहपूर्व शिबिरात संमतीचे स्वातंत्र्य, निष्ठा, अपत्ये व संसारातील व्यवहार ह्यांची चर्चा होते. जोडीदारांपैकी एकाचा स्नानसंस्कार झालेला नसल्यास विशेष अनुमती घेऊन विवाह लावता येतो. तो वैध असला तरी संस्कार ठरत नाही. महानगरात हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे उभा राहतो.

चिन्हांचा अर्थ लोकांपर्यंत पोहोचविण्याची ही निकड नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेले ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले, ते नवख्रिस्ती लोकांना परिचित भाषेत व छंदात धर्मकथा मिळावी म्हणूनच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषांना उपासनेचे द्वार उघडले. त्यानंतर १९६७ साली बंगळूर येथे बायबल, धर्मशिक्षण व उपासना ह्यांचे राष्ट्रीय केंद्र फादर डी. एस. अमलोरपवदास ह्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. १९६९ मध्ये रोमने भारतीय उपासनेसाठी बारा सूचनांना मान्यता दिली. जमिनीवर बसणे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकणे, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी समई, फुले-धूप-दीप ह्यांची आरती इत्यादींचा त्यांत समावेश होता.

ह्या प्रयोगांना विरोधही झाला. आरती ही मंदिरातील पूजाच होय, असे काही श्रद्धाळूंना वाटले. ही चिन्हे उच्चवर्णीय परंपरेतून निवडली आहेत, दलित ख्रिस्ती जनांचे जीवन त्यांत कोठे आहे, असा प्रश्न इतरांनी विचारला. दोन्ही आक्षेप विचारार्ह आहेत. एखादे चिन्ह भारतीय आहे म्हणून ते प्रत्येक भारतीयाला आपलेसे वाटेलच, असे नाही. त्याचाही अर्थ शिकवावाच लागतो.

प्रौढ दीक्षार्थींसाठी १९७२ साली जो क्रम पुन्हा रूढ करण्यात आला, त्यात ह्या प्रश्नाचे एक उत्तर सापडते. त्यात चौकशी, दीर्घ शिक्षण व उपवासकाळातील चित्तशुद्धी ह्यांनंतर ईस्टरच्या रात्री संस्कार दिले जातात. परंतु शिक्षण तेथे संपत नाही. पुढील काही आठवडे दीक्षितांनी आपण काय स्वीकारले, ह्याचे मनन करावयाचे असते. पाण्याचा अर्थ पाण्यातून बाहेर आल्यावर अधिक उमगतो, हे प्राचीन धर्माचार्यांस ठाऊक होते. आईवडील, वधूवर आणि रुग्णाच्या उशाशी बसलेले आप्त ह्या सर्वांनाच ते लागू आहे. विधी घटकाभरात पार पडतो. त्याची तयारी मात्र विधीनंतरही चालू ठेवावी लागते.